थरथर जिरते कुठे?

साताऱ्यात, कराडात किंवा सांगलीत एखाद्या गॅरेजात जाऊन 'उभ्या गाडीत स्टेअरिंग थरथरतं' असं सांगितलं, की मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आधीच निदान करून मोकळा होतो: फाउंडेशन गेलं असेल. फाउंडेशन म्हणजे इंजिन आणि चासी यांच्यामध्ये, लोखंडी पट्ट्यांत पकडून बसवलेलं मुठीएवढं रबर. कंपनीच्या पुस्तकात त्याचं नाव माउंटिंग. 'फाउंडेशन' हा मेकॅनिक लोकांचा शब्द आहे, आणि तो विहिरीच्या काठावरून गॅरेजात आला असावा असं मानायला भरपूर जागा आहे.

कारण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या माणसांनी इंजिन पहिल्यांदा पाहिलं ते मोटारीत नव्हे, विहिरीवर. मोटेची जागा ऑइल इंजिनानं घेतली तेव्हा कृष्णा, वारणा, येरळेच्या काठांवर पत्र्याची छोटी इंजिनघरं उभी राहिली. आत काँक्रीटचा चौथरा, त्यात पुरलेले चार बोल्ट आणि वर इंजिन. एकानं वरचा लिव्हर उचलून धरायचा, दुसऱ्यानं हँडल मारून जड चाकाला वेग द्यायचा, मग लिव्हर खाली सोडायचा. धुराड्यातून काळ्या धुराचे दोन-चार गोळे निघायचे आणि ठोका धरला जायचा. इंजिन थंड करून आलेलं कोमट पाणी बारीक पाइपातून पाटात पडायचं. थंडीच्या दिवसांत त्या धारेखाली पोरं अंघोळी उरकायची. रात्रीच्या पाळीला कुणाचं इंजिन चालू आहे, हे अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून सांगणारी माणसं गावोगाव होती.

त्या इंजिनात सिलिंडर एकच. महाराष्ट्रभर पोहोचलेलं किर्लोस्करचं 'एव्ही-१' घ्या: सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर, मिनिटाला १५०० फेरे, ताकद ५ हॉर्सपॉवर. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात एकदा वर जाऊन थांबतो, एकदा खाली येऊन थांबतो. या वेगानं जाणाऱ्या वस्तूला थांबवून उलट फिरवायला किती जोर लागतो याचं गणित सोपं आहे. पिस्टनच्या वजनाच्या दर किलोमागे तो जोर सुमारे १४० किलो भरतो. तो धक्का एकदा वर, एकदा खाली, सेकंदाला २५ वेळा. शिवाय इंधनाचा स्फोट दोन फेऱ्यांतून एकदाच होतो. मधल्या सगळ्या वेळात चाकात साठलेल्या जोरावर इंजिन फिरत राहतं.

एवढी आदळआपट त्या चौथऱ्यातून जमिनीत जायची. इंजिनघराच्या दारात अनवाणी उभं राहिलं की तळपायाला कळायची. शेताला त्यानं काही बिघडत नव्हतं. जमीन मोठी, इंजिन लहान.

मोटारीची अडचण इथूनच सुरू होते. मोटारीच्या खाली जमीन आहे, पण मध्ये स्प्रिंग आहेत, टायर आहेत आणि वर माणसं बसली आहेत. थरथर जमिनीत पुरता येत नाही. मग ती जिरवायची कुठे? १९०० नंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत जगातल्या उत्तमोत्तम मोटार-कारखानदारांनी याच एका प्रश्नावर डोकं फोडलं. मखमली गाद्या, चांदीचे दिवे, हस्तिदंती मुठी हे सगळं कोणताही चांगला सुतार-सोनार करून देऊ शकत होता. शाही मोटार आणि साधी मोटार यांच्यातला खरा फरक बॉनेटखाली होता.

या प्रश्नाची एक मोठी परीक्षा सातारा-कोल्हापूरच्या बाजूला झाली, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नाही. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची भरवशाची चाचणी घेतली गेली. एकूण अंतर ६२० मैल, वाटेत सहा मोठे घाट. रस्ते धुळीचे आणि मुरमाचे, बहुतेक रहदारी बैलगाड्यांची. आज कोल्हापूरहून पुण्याला निघालेल्या माणसाला खंबाटकी आणि कात्रजचे घाट बोगद्यांमुळे जाणवतही नाहीत, पण ज्यांनी जुन्या घाटातून भरलेली गाडी वर चढवली आहे त्यांना त्या चढणीचा अर्थ सांगायला नको. या चाचणीत रोल्स-रॉइस कंपनीच्या एका नव्या मोटारीनं बाजी मारली. विलायतेहून मुंबईला आलेल्या त्या गाडीचं नाव होतं 'पर्ल ऑफ द ईस्ट', पूर्वेचा मोती.

ती गाडी पुढे विकत घेतली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी. शिंदे घराण्याचं मूळ गाव कण्हेरखेड, सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातलं. राणोजी शिंद्यांनी तिथून उत्तरेची वाट धरली आणि पावणेदोनशे वर्षांनंतर त्यांच्या वंशजानं घेतलेली मोटार आपली परीक्षा देऊन आली ती याच मुलखातल्या घाटांत. माधवरावांना यंत्रांचं वेड खरंखुरं होतं. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरून पाहुण्यांपुढे फिरणारी चांदीची छोटी आगगाडी त्यांचीच. अशा माणसानं घाटांतून पार पडलेली गाडी निवडली, यात नवल नाही.

त्या गाडीत असं होतं काय?

हेन्री रॉइस हा गरिबीतून वर आलेला इंग्लंडचा कारागीर. विजेच्या क्रेन आणि मोटरी बनवणारा. १९०६ च्या शेवटी लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात त्याच्या कंपनीनं '४०/५०' नावाचं मॉडेल मांडलं. पुढल्या वर्षी त्यातली एक गाडी चंदेरी रंगवून तिला 'सिल्व्हर घोस्ट' असं नाव दिलं, आणि तेच नाव सगळ्या मॉडेलला चिकटलं. इंजिन सात लिटरचं, सहा सिलिंडरचं. पिस्टनचा व्यास साडेचार इंच आणि धावही साडेचार इंच. ताकद मात्र ४८ हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे आजच्या लहानशा मोटारीपेक्षाही कमी. इतकं मोठं इंजिन आणि इतकी कमी ताकद, कारण ते ताणून पळवायचं नव्हतंच. आरामात फिरणारं, कधीही घामाघूम न होणारं इंजिन रॉइसला हवं होतं.

सहाच सिलिंडर का, हे समजायला आपल्याकडची एक घरोघरची गाडी उपयोगी पडते. मारुती ८०० मध्ये तीन सिलिंडर होते. तीन पिस्टन एकामागोमाग असे लावलेले, की एक वर असताना बाकीचे दोघे मिळून त्याचा धक्का फेडतात. त्यामुळे सगळं इंजिन वर-खाली उडत नाही. पण पहिला पिस्टन इंजिनाच्या एका टोकाला आणि तिसरा दुसऱ्या टोकाला असल्यानं इंजिन लांबीत डुलतं: पुढचं टोक वर, मागचं खाली, मग उलट. शिखर शिंगणापूरच्या यात्रेत मुंगी घाट चढताना खांद्यावरची कावड जशी डुलते, अगदी तसं. आता त्या कावडीच्या मागे तशीच दुसरी कावड, आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी जोडली तर? पहिलीचं पुढचं टोक वर जाताना दुसरीचं मागचं टोकही वर जाणार, आणि दोघींचं डुलणं एकमेकींत मिटणार. तीन आणि तीन सहा. पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा, असे पिस्टन जोडीनं वर-खाली होतात. रॉइसनं इंजिन ओतलं तेही तीन-तीन सिलिंडरच्या दोन ठोकळ्यांत.

चार सिलिंडर घेतले असते तर? दोन वर, दोन खाली. वरवर पाहता हिशेब चुकता होतो. पण त्यात एक खोच आहे. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे त्याची वर-खाली चाल गोल फिरण्यात बदलणाऱ्या मुख्य दांड्याशी, जोडणारा दांडा फिरताना तिरका होतो, त्यामुळे पिस्टनची चाल वरच्या अर्ध्यात जलद आणि खालच्या अर्ध्यात संथ असते. वरच्या टोकाचा झटका खालच्या टोकाच्या झटक्यापेक्षा मोठा. दोन वरचे आणि दोन खालचे एकमेकांना फेडायला गेले तरी काहीतरी शिल्लक राहतंच, आणि ते शिल्लक दर फेऱ्याला दोनदा इंजिनाला हलवतं. आपल्याकडच्या जुन्या फियाट आणि अँबेसेडर चार सिलिंडरच्याच होत्या. सिग्नलला उभ्या असताना त्यांच्या गिअरच्या दांड्यावर हात ठेवला की जी बारीक कुरकुर बोटांना लागायची, तिच्यात याच शिलकीचा वाटा होता. एका ओळीत लावलेल्या सहा सिलिंडरांत हीसुद्धा उरत नाही. शिवाय स्फोट दर तिसऱ्या हिश्शाच्या फेऱ्याला होतो, त्यामुळे ठोका ठोका न राहता सलग सूर होतो. १५०० फेऱ्यांना विहिरीवरचं इंजिन मिनिटाला ७५० स्फोट करतं. सहा सिलिंडरचं ४५००.

इतकं सरळ असेल तर सगळ्यांनी सहा सिलिंडर का केले नाहीत? केले, आणि हात पोळून घेतले. इंग्लंडच्याच नेपियर कंपनीनं १९०४ मध्ये सहा सिलिंडरची गाडी बाजारात आणून नाव कमावलं. पण सहा सिलिंडरचा क्रँक लांब असतो, आणि लांब दांडा पिळला जातो. रहाटाच्या दोरीला पोहरा टांगून पीळ दिला आणि सोडला, की तो उलटसुलट गिरक्या घेत राहतो. पोलादी क्रँकही तेच करतो, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतकं. नागपंचमीच्या झोक्याला नेमक्या वेळी हलकेच ढकलत राहिलं तर झोका उंच जातो. तसंच एका ठरावीक वेगाला स्फोटांचा ताल आणि क्रँकच्या पिळाचा ताल जुळला, की पीळ वाढत वाढत क्रँक तुटतो. रॉइसच्या स्वतःच्या आधीच्या ३० हॉर्सपॉवरच्या सहा सिलिंडर गाडीत हेच झालं होतं. तिच्यात सिलिंडरचे दोन-दोनचे तीन ठोकळे होते आणि क्रँकला हा पीळ सोसत नव्हता.

४०/५० मध्ये रॉइसनं उपाय केला तो गावच्या लोहारालाही पटावा असा. क्रँक जाडजूड केला, त्याला सात ठिकाणी बेअरिंगचा आधार दिला, आणि त्या बेअरिंगांना दाबानं तेल पोहोचवलं. पुढे त्यानं क्रँकच्या पुढच्या टोकाला एक लहान चाक बसवलं, जे घट्ट न बांधता घर्षणावर धरलेलं होतं. क्रँक एकसारखा फिरत असेल तर ते चाकही सोबत फिरतं. क्रँकनं पिळात थरथर केली की ते चाक जरासं घसरतं, आणि थरथरीचा जोर घासण्यात, उष्णतेत जिरून जातो. फ्रेडरिक लँचेस्टर या दुसऱ्या इंग्रज इंजिनिअरनंही त्याच सुमारास याच तत्त्वावर काम केलं. आजच्या बहुतेक गाड्यांच्या क्रँकच्या पुढच्या पुलीत रबर भरलेलं असतं ते याच चाकाचं नातवंड.

कंपनीचा कारभार पाहणारा क्लॉड जॉन्सन हा जाहिरातीत वाकबगार होता, पण त्यानं जाहिरात केली ती कामातून. १९०७ मध्ये चंदेरी गाडी लंडन ते ग्लासगो अशी पुन्हा पुन्हा पळवली. १४,३७१ मैल ती कुठेही आपणहून बंद पडली नाही. नंतर तिचे सगळे भाग सोडवून तपासले आणि जिथे जरा झीज दिसली तिथे नवे घातले. त्या भागांचा खर्च आला दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स. मुंबई-कोल्हापूरची चाचणी याच्या पुढल्याच वर्षीची. विलायतेतल्या गुळगुळीत रस्त्यांवर जे सिद्ध झालं, ते सह्याद्रीच्या घाटांत टिकतं का, हे बघणं हिंदुस्थानातल्या गिऱ्हाइकांसाठी जास्त मोलाचं होतं.

शांततेकडे जाणारी वाट एकच नव्हती, आणि रॉइसचे प्रतिस्पर्धी कमी हुशार नव्हते. सगळ्यात वेगळी चाल डेमलर कंपनीची. त्या काळी इंग्लंडच्या राजघराण्याच्या मोटारी डेमलरच्या असत. इंजिनातला बराच आवाज व्हॉल्वांचा असतो: स्प्रिंगच्या जोरावर उघडझाप करणाऱ्या त्या टोप्या टकटक वाजत राहतात. चार्ल्स नाइट नावाचा अमेरिकन वर्तमानपत्रवाला आपल्या मोटारीच्या या टकटकीला इतका कंटाळला, की त्यानं व्हॉल्वच काढून टाकले. पिस्टनभोवती दोन नळ्या, एकीत एक, वर-खाली सरकतात आणि त्यांच्यातल्या फटी जुळल्या की वाट मोकळी होते. आपटणारं काही नाही, नुसतं सरकणं. डेमलरनं हे इंजिन १९०८ मध्ये जाहीर केलं. पुढच्याच वर्षी चाचणीच्या बाकावर १३२ तास पूर्ण ताकदीनं चालवून, नंतर ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर २००० मैल पळवून दाखवलं आणि इंग्लंडचं मानाचं ड्युअर पारितोषिक मिळवलं. आवाजाच्या बाबतीत ते इंजिन रोल्सलाही भारी पडे. पण सरकत्या नळ्यांना तेल भरपूर लागतं, आणि त्यातलं काही जळतंच. डेमलर शांतपणे जाई आणि मागे निळसर धुराची रेघ सोडून जाई.

अमेरिकेत कॅडिलॅकनं मोजमापावर भर दिला. १९०८ मध्ये ब्रुकलँड्सला त्यांच्या तीन गाड्या पूर्ण सोडवून सुट्या भागांची सरमिसळ केली, पुन्हा तीन गाड्या जोडल्या आणि ५०० मैल पळवल्या. एकाही भागाला कानस लावावी लागली नाही. १९१२ च्या मॉडेलात विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारायची कटकट संपली. १९१४ मध्ये त्यांनी व्ही आकारात आठ सिलिंडर लावले. ताकद मिळाली, पण त्या पहिल्या क्रँकची ठेवण चार सिलिंडरच्या क्रँकसारखी सपाट होती, म्हणून तीच जुनी शिल्लक उरली आणि इंजिन आडवं हलायचं. १९२३ मध्ये क्रँकचे हात एकमेकांशी काटकोनात वळवून आणि त्यांना वजनं जोडून ती खोड काढली. पॅकार्डनं तर १९१५ मध्ये बाराच सिलिंडर लावले: सहा-सहाच्या दोन ओळी, प्रत्येक ओळ स्वतःपुरती समतोल.

या सगळ्यांची तुलना करायची तर कोण सरस, याचं उत्तर रस्त्यावर अवलंबून होतं. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना वेगापेक्षा संथपणा जास्त लागायचा. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला किंवा लग्नाच्या वरातीला मोटार हत्तीच्या पावलानं चालवावी लागे. ज्या इंजिनाला कमी फेऱ्यांवर दम नाही ते अशा वेळी हिसके मारतं, मग क्लच दाबा, पुन्हा सोडा. मागे बसलेल्या राजाची पगडी हलते आणि दोन्ही बाजूंना उभी प्रजा बघत असते. इथे सहा सिलिंडरच्या मोठ्या, निवांत इंजिनाचं मोल कळे. १९११ मध्ये एका सिल्व्हर घोस्टनं लंडन ते एडिंबरा हा प्रवास केवळ वरच्या गिअरवर करून दाखवला आणि त्याच गाडीनं ब्रुकलँड्सला ताशी ७८ मैलांचा वेग गाठला. गिअर न बदलता चालत्या माणसाच्या गतीपासून पूर्ण वेगापर्यंत, तेही एका हिसक्याशिवाय, ही खरी परीक्षा. ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांनी कोल्हापूरचा दसरा बघावा. राजाराम महाराजांच्या काळातली जर्मन बनावटीची मेबॅक आजही दसऱ्याला बाहेर निघते, आणि गर्दीतून माणसाच्या चालीनं जाते.

इकडे, मोटारीतून येणाऱ्या साहेब-संस्थानिकांच्या रस्त्याच्या कडेला, दुसरी एक यंत्रविद्या उभी राहत होती, आणि थरथरीच्या या गोष्टीत तिला सिल्व्हर घोस्टइतकंच मानाचं स्थान आहे. कोल्हापूरच्या चाचणीला दोनच वर्षं झाली होती, तेव्हा १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, कारखाना उभारला. आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी ती हीच. नांगर, कडबाकापणी यंत्रं, मग पंप. ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना १९४६ मध्ये पुण्यात खडकीला निघाला. साताऱ्याच्या बाजूला, जरंडेश्वराच्या डोंगरापलीकडे, सातारा रोड स्टेशनाशी सर धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. तिथेही नांगरांपासून सुरुवात होऊन १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं बनू लागली. हे तेच कूपर, जे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पुढे हा कारखाना वालचंद समूहाकडे गेला, ज्यांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात फियाट मोटारी बनवल्या. सातारा रोड आणि शिंद्यांचं कण्हेरखेड ही दोन्ही ठिकाणं कोरेगाव तालुक्यातली.

कूपर आणि किर्लोस्कर यांच्या एकाच सिलिंडरच्या इंजिनांना कुणी अडाणी म्हणू नये. शेतकऱ्याला हवं होतं ते स्वस्त, गावच्या मिस्त्रीनं एका पान्यानं उघडता येणारं, आणि घाणेरड्या तेलावरही चालणारं यंत्र. पाच सिलिंडर वाढवून मिळणारी शांतता त्याच्या विहिरीला काय कामाची? त्याच्याकडे जमीन होती थरथर जिरवायला. इंजिनिअरिंगचा शहाणपणा इथेही तितकाच होता. चाक किती जड असावं, चौथरा किती खोल असावा, हे सगळं हिशेबानं ठरलेलं होतं. चौथरा उथळ घातला तर पहिल्याच पावसाळ्यात बोल्ट ढिले होऊन इंजिन जागचं हलायला लागे, आणि मग पट्टा पुलीवरून उतरे. ज्यानं एकदा असा चौथरा फोडून पुन्हा घातला, त्याला फाउंडेशन या शब्दाचा अर्थ कुणी शिकवावा लागला नाही.

हेच गणित शिकवायला सांगलीत १९४७ मध्ये धोंडुमामा साठ्यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं. १९५५ पासून ते वालचंद कॉलेज म्हणून ओळखलं जातं. पिस्टनचा धक्का कसा मोजायचा, दांडा तिरका झाल्यानं काय शिल्लक राहतं, क्रँकला वजन कुठे लावायचं, हा यंत्रशास्त्रातला अभ्यास शेतकऱ्यांच्या मुलांनी विश्रामबागेत गिरवला. आणि क्रँक घडवण्याचं काम म्हणाल, तर मूळच्या कराड भागातल्या कल्याणी कुटुंबानं १९६१ मध्ये पुण्यात काढलेली भारत फोर्ज ही आज जगातल्या मोठमोठ्या इंजिन-कारखान्यांना घडीव क्रँक पुरवते. फलटणला कमिन्सची इंजिनं तयार होतात. साताऱ्यातच कूपर नावाची कंपनी आज अनेक सिलिंडरची आधुनिक डिझेल इंजिनं बनवते.

मोटारींच्या बाजूला मधल्या काळात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. पहिली रबराची. १९३१ मध्ये क्रायस्लरनं चार सिलिंडरच्या प्लिमथ गाडीत इंजिन चासीला थेट बोल्टनं न आवळता रबरांवर टांगलं, तेही असं, की इंजिन आपल्याच वजनाच्या मध्यरेषेभोवती डोलू शकेल. इंजिन हललं तरी गाडीला ते कळेना. चार सिलिंडरच्या स्वस्त गाडीला सहा सिलिंडरची मऊ चाल मिळाली. शेतातला काँक्रीटचा चौथरा थरथर खाली पोहोचवतो. गाडीचं रबरी फाउंडेशन ती अडवून धरतं. शब्द तोच, काम नेमकं उलटं.

दुसरी गोष्ट पुन्हा लँचेस्टरची. चार सिलिंडरमधली ती उरलेली शिल्लक मारायला त्यानं १९१० च्या सुमारास एक युक्ती सुचवली होती: इंजिनाच्या दुप्पट वेगानं, एकमेकांच्या उलट दिशेला फिरणारे वजन लावलेले दोन दांडे. शिल्लक वर ओढते तेव्हा हे दोघं खाली ओढतात. युक्ती खरी होती, पण तिला मोल मिळायला साठ वर्षं लागली. १९७५ मध्ये जपानच्या मित्सुबिशीनं ती आपल्या इंजिनांत घातली आणि पोर्शेसारख्या कंपनीनं त्यांच्याकडून परवाना घेऊन ती वापरली. १९८९ मध्ये टोयोटानं लेक्सस नावाची शाही गाडी आणली, तेव्हा जाहिरातीत बॉनेटवर शॅम्पेनच्या पेल्यांचा मनोरा रचून गाडी रोलरवर ताशी १४५ मैलांपर्यंत पळवली. एकही पेला पडला नाही. आठ सिलिंडर, काटकोनी क्रँक, द्रव भरलेली फाउंडेशनं. मागच्या ऐंशी वर्षांतल्या सगळ्यांची कमाई त्या एका बॉनेटखाली होती.

जुनी गाडी हौसेनं सांभाळणारे लोक आजही विचारतात, की इंजिन मऊ करायचं तर काय करावं. जाणता मिस्त्री आधी महागडं काही सुचवत नाही. टॅपेटचा गाळा बघतो, कारण सैल टॅपेट वाजतात आणि घट्ट टॅपेटनं व्हॉल्व जळतात. इग्निशनचा वेळ लावतो, सगळे सिलिंडर सारखे काम करतात का ते एकेक प्लगची वायर काढून कानानं ऐकतो; सहातला एक जरी आळशी असला तरी सगळा समतोल फुकट. मग फाउंडेशन. आणि इंजिन उघडलंच, तर पिस्टन एकेक करून तराजूवर चढतात. सगळ्यात हलका पिस्टन बाजूला ठेवायचा आणि बाकीच्यांच्या आतल्या कडेचा धातू खरवडत त्यांना त्याच्या वजनावर आणायचं. मिनिटाला हजारो वेळा दिशा बदलणाऱ्या वस्तूत पाच-सहा ग्रॅमचा फरकसुद्धा बसणाऱ्याच्या पाठीला कळतो.

शेवटी क्रँक. सांगली-मिरजेच्या बाजूला क्रँक ग्राइंडिंगचं काम करणाऱ्या एखाद्या दुकानात डोकावलं, तर लाकडी घोड्यावर आडवा ठेवलेला, तेलानं चकचकणारा क्रँक दिसेल. त्याच्या वजनाच्या लोखंडी पाळ्यांवर, कडेच्या बाजूला, गोल छिद्रं असतात. कुठे एक, कुठे दोन, कुठे जरा खोल. नवख्याला वाटतं ती तेलाची आहेत. ती तेलाची नसतात. कारखान्यात क्रँक समतोलाच्या यंत्रावर फिरवला, काटा ज्या बाजूला झुकला तिथे खूण केली, ड्रिल लावलं, पुन्हा फिरवला. खाली पत्र्याच्या ताटलीत निघालेली पोलादाची कुरळी कात चिमटीत मावेल एवढीच असते, आणि काटा मधोमध येऊन थांबतो.